लॉबीतला टीव्ही कुणासाठी आणि किती वाजता: सोसायटी अध्यक्षांना पत्र

दि. ४ ऑगस्ट

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
आपली गृहनिर्माण सोसायटी, लातूर

विषय: लॉबी आणि लिफ्टमधल्या स्क्रीनवर काय, कधी दाखवायचं याचं वेळापत्रक ठरवण्याबाबत

मा. अध्यक्षसाहेब,
सादर नमस्कार.

गेल्या बुधवारी रात्री बहिणीला दवाखान्यात सोबत करून परत यायला मला साडेबारा वाजले. लॉबीत चिटपाखरू नव्हतं. वॉचमनकाका गेटवर होते. लिफ्टचं बटण दाबून उभी राहिले तर समोरच्या टीव्हीवर सूचना आली: "उद्या हौद धुणार. पिण्याच्या पाण्याचा व्हॉल्व्ह सातऐवजी सहाला सुटेल." ही सूचना संध्याकाळी सातला लावायची असं तुम्हीच सांगितलं होतं. सातला मी दुकानातून आले तेव्हा तिथं साड्यांची जाहिरात चालू होती. दुसऱ्या दिवशी मुद्दाम लक्ष ठेवलं. सकाळी सहाला दिसायची तीच सूचना साडेअकराला लागली, तोवर व्हॉल्व्ह कधीच बंद झाला होता.

दोन्ही वेळा फरक साडेपाच तासांचाच. म्हणजे टीव्हीवर सूचना आणि जाहिराती चालवणाऱ्या, मागं बसवलेल्या छोट्या डब्यातलं घड्याळ भारताच्या वेळेवर नाही, जागतिक प्रमाणवेळेवर चालतंय. आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढं आहे. वेळापत्रक भरणाऱ्यानं आकडे बरोबर भरले, पण डब्याला सात वाजले तेव्हा आपल्याकडं रात्रीचे साडेबारा झाले होते. सेटिंगमध्ये "एशिया/कोलकाता" निवडलं की हे दोन मिनिटांत नीट होतं. त्या दोन मिनिटांअभावी बी विंगमधली सात-आठ घरं गुरुवारी पिण्याच्या पाण्याविना राहिली. मी स्वतः शेजारच्या आजींना दोन घागरी देऊन आले. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून या गावाला पाणी आणावं लागलं होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. अशा गावात पाण्याची सूचना चुकीच्या वेळेला लागणं ही बारकी गोष्ट नाही.

"ग्रुपवर टाकलंच होतं की," असं सेक्रेटरीसाहेब म्हणाले. टाकलं होतं, मान्य. पण आपल्या इमारतीत पाणी भरतं कोण, ते बघा. नोकरीवाल्या घरांत ते काम मावशींचं आहे, आणि त्यांच्यातली एकही ग्रुपवर नाही. आजींकडं साधा फोन आहे. भाड्यानं राहून डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणारी लेकरं ग्रुपवर नाहीत, कारण ग्रुप फक्त सभासदांचा. ही सगळी माणसं दिवसातून दोनदा तरी लिफ्टसमोर उभी राहतात. टीव्हीचा खरा उपयोग त्यांनाच आहे, म्हणून मला वाटतं वेळापत्रक त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळेवरून ठरावं. मावशी सकाळी साडेसहापासून यायला लागतात. लेकरं शिकवणीहून रात्री आठ-नऊला परततात. आजी-आजोबा संध्याकाळी सहाला बाकड्यावर बसायला उतरतात. पाणी, लिफ्ट बंद, वीज जाणार, कचरागाडीची बदललेली वेळ, या सूचना आदल्या संध्याकाळी सहा ते रात्री दहा आणि त्या दिवशी सकाळी साडेपाच ते साडेआठ दिसल्याच पाहिजेत.

आणि नुसती वेळ बरोबर असून भागत नाही. मी घड्याळ लावून मोजलं. सध्या तीस स्लाइड आहेत, प्रत्येक दहा सेकंद, म्हणजे एक फेरी पाच मिनिटांची. त्यात पाण्याची सूचना एकदाच. आपल्या लिफ्टची वाट माणूस साधारण चाळीस सेकंद बघतो. एवढ्या वेळात ती सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला मिळेल असा दहातला एखादाच. त्याऐवजी गर्दीच्या वेळेला दर तिसरी स्लाइड सूचनेची ठेवली, तर चाळीस सेकंद उभा राहणारा प्रत्येक जण ती पूर्ण वाचेल. जाहिराती मधल्या दोन जागांवर चालू द्या, दुपारी तर पूर्ण वेळ चालू द्या. त्यांचे पैसे देखभाल खात्यात येतात, मी त्याच्या विरोधात नाही.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली, ती. ए विंगचे आजोबा जूनमध्ये गेले. त्याच दिवशी श्रद्धांजलीची स्लाइड लागली, ते योग्यच केलंत. पण ती लावताना "कुठपर्यंत" हा रकाना रिकामा राहिला. तेरावा झाला, महिना उलटला, तरी आजोबांचा फोटो अजून फिरतोय. त्याच्या आधी मोबाईलच्या दुकानाची ऑफर, नंतर शिकवणी वर्गाची "प्रवेश सुरू". परवा त्या आजोबांच्या घरच्या आजी भाजी घेऊन आल्या. लिफ्ट वर अडकलेली होती, तेवढ्यात फोटो आला. त्यांनी पिशवी खाली ठेवली, पदर सावरून हात जोडले आणि तशाच उभ्या राहिल्या. हात खाली येण्याआधी स्क्रीनवर मोबाईल नाचायला लागला. आता त्या जिन्यानं जातात, तिसऱ्या मजल्यावर, गुडघे दुखत असताना. मी विचारलं तर म्हणाल्या, "काय करू माय, रोज रोज नाही बघवत."

साहेब, ज्यानं कुणी हे केलं त्याच्या मनात वाईट नव्हतं, हे मला माहीत आहे. पण शेवटची तारीख भरल्याशिवाय एकही स्लाइड चढवायची नाही असा नियम आजपासून करा. गेल्या वर्षी मुक्तिसंग्राम दिनाच्या १७ सप्टेंबरच्या शुभेच्छा दिवाळीचे आकाशकंदील लागले तरी चालू होत्या, तेव्हा आपण हसून सोडून दिलं. श्रद्धांजली मात्र घरच्यांना विचारूनच लावावी, ते म्हणतील तेवढेच दिवस ठेवावी, आणि तिच्या मागं-पुढं जाहिरात येऊ नये. तिच्या आधी आणि नंतर सोसायटीचं नाव असलेली कोरी पाटी ठेवता येते. वेळापत्रकात तशी सोय असते.

एक गोष्ट डब्याच्या बाबतीतली. वीज गेली की हा डबा बंद पडतो, आणि अशा बऱ्याच डब्यांत घड्याळ चालू ठेवणारा सेल नसतो. वीज आल्यावर इंटरनेट मिळालं तरच ते वेळ सुधारून घेतं. आपल्याकडं वीज येते, पण वायफाय मागाहून येतं, त्यामुळं मधल्या वेळात डबा जुन्याच तारखेत असतो. लिफ्टच्या जनरेटरच्या लाइनवर डबा आणि राउटर दोन्ही जोडून घ्यावेत, खर्च वायरचाच आहे. आणि ठरलेलं काही नसेल तेव्हा आपोआप जाहिराती लागतात, त्याजागी घड्याळ आणि वॉचमन, लिफ्टवाला, इलेक्ट्रिशियन यांचे नंबर दिसू द्या. घड्याळ दिसत राहिलं तर वेळ चुकली हे कुणालाही लगेच कळेल.

पासवर्ड सध्या फक्त टीव्ही बसवून देणाऱ्याकडं आहे. त्याला फोन केला की तो बऱ्याचदा दोन दिवसांनी बदल करतो. लिफ्टमध्ये माणूस अडकला किंवा गॅसचा वास आला तर दोन दिवसांचं काय करायचं? किल्लारीचा १९९३ चा भूकंप पाहिलेल्या जिल्ह्यात आपण राहतो, इथं अफवाही लवकर पसरते. सगळं थांबवून एकच सूचना पूर्ण स्क्रीनवर आणण्याची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर ती समितीतल्या दोघांच्या हातात असावी. वॉचमनकाकांनाही एवढं एकच बटण शिकवावं.

स्लाइड करून द्यायचं काम मी घेते. माझं डीटीपीचं दुकान आहे, पत्रिका आणि फ्लेक्स रोज करते, त्याचे पैसे नकोत. मजकूर थेट टाइप केला की त्या डब्यात देवनागरी तुटते. "लिफ्ट"ची वेलांटी "ल"च्या पुढं जाऊन बसते, "दुरुस्ती"तला "स" पाय मोडून वेगळा उभा राहतो, आजींना ते वाचता येत नाही. मी चित्र करून देईन, म्हणजे अक्षर जसंच्या तसं दिसेल. एका स्लाइडवर आठ शब्दांच्या वर नको, आणि अक्षर लांबून दिसेल एवढं मोठं.

गणपती जवळ आलेत, वर्गणी, आरतीच्या वेळा, विसर्जन, सगळं त्याच टीव्हीवर येणार. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभाही घ्यायची आहे, तिची नोटीस चौदा दिवस आधी लागते. ती फळ्यावर लावाच, टीव्हीवर फक्त आठवण. त्याआधी हा विषय समितीच्या बैठकीत घ्यावा ही विनंती. मला बोलावलंत तर मी वेळापत्रकाचा कच्चा कागद घेऊन येते.

आजोबांची स्लाइड मात्र बैठकीपर्यंत थांबवू नका. ती आज संध्याकाळी आजी खाली यायच्या आत काढून टाका.

आपली विश्वासू,
सभासद, बी विंग, ३०४