माझी छायाचित्रे कागदावर आणणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

हे पत्र केवळ तुमच्या हाती देता आले असते. तरी ते सर्वांना वाचता यावे अशा रीतीने लिहितो आहे, कारण ज्या कामाबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत, असे काही काम असते हेच पुष्कळांना ठाऊक नसते. छायाचित्राखाली छायाचित्रकाराचे नाव छापले जाते, क्वचित कॅमेऱ्याचेही. निगेटिव्हवरून, म्हणजे फिल्मवर उमटलेल्या उलट छटांच्या प्रतिमेवरून, ते कागदावर आणणाऱ्याचे मात्र सहसा येत नाही. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांना डार्करूमच्या, म्हणजे प्रिंट तयार करायच्या अंधाऱ्या खोलीतल्या, कामात फारसा रस नव्हता आणि त्यांच्या प्रिंट पॅरिसमधल्या पिक्टो या प्रयोगशाळेत होत. पण १९५० मध्ये ती प्रयोगशाळा सुरू करणाऱ्या पिएर गासमान यांचे नाव या व्यवसायाबाहेर किती जणांच्या कानावर गेले असेल? तुमचे नाव मीही इथे लिहिलेले नाही. ते तुमच्याच सांगण्यावरून, आणि थोडेसे माझ्या मनाविरुद्ध.

तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा मी बऱ्यापैकी छायाचित्रे काढत होतो आणि आपल्याला हे जमते असे मला वाटतही होते. योग्य वेळी योग्य जागी हजर असणे, नजर तयार असणे आणि बोट चपळ असणे म्हणजे छायाचित्रण, एवढीच माझी कल्पना होती. शटर दाबले की माझे काम संपले, पुढचे सगळे रसायनांचे, अशी मी सरळ वाटणी करून टाकली होती. ती तुम्ही वाद घालून मोडली नाहीत. माझी निगेटिव्ह लाइट बॉक्सवर ठेवून, भिंगातून बराच वेळ पाहून, तुम्ही फक्त विचारलेत, ‘यात पांढरे काय ठेवायचे आहे?’ आणि उत्तर मिळेपर्यंत, निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरचा दिवा लावला नाहीत.

त्या प्रश्नात किती गोष्टी होत्या ते हळूहळू कळत गेले. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा लाइट मीटर समोर काय आहे ते ओळखत नाही. जे काही दिसते ते सरासरीने साधारण १८ टक्के प्रकाश परावर्तित करते असे गृहीत धरून तो एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती प्रकाश पडू द्यायचा ते, सांगतो. म्हणून चुन्याची भिंतही त्याच्या हिशेबाने करडी येते आणि काळी घोंगडीही करडीच येते. भिंत पांढरी हवी असेल तर मीटर सांगतो त्याहून जास्त प्रकाश द्यावा लागतो, घोंगडी काळी हवी असेल तर कमी. यंत्राने दिलेले उत्तर चूक नसते, पण ते सरासरीचे असते, आणि समोरचा माणूस सरासरी नसतो. अँसेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९३९-४० च्या सुमारास हाच विचार काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या अकरा छटांच्या पायऱ्यांमध्ये बांधला आणि त्याला झोन सिस्टिम हे नाव मिळाले, हे मी पुष्कळ नंतर वाचले. तुम्ही मात्र ते नाव माझ्यासमोर कधी उच्चारले नाहीत. पद्धतीचे नाव आधी कळले असते तर मी आकडेच पाठ करत बसलो असतो, हे तुम्ही ओळखले असावे.

या प्रश्नाचा खरा अर्थ लागला तो खिडकीशी बसलेल्या एका आजींच्या छायाचित्रात. त्यांचा वर्ण सावळ्याहूनही गडद होता, मागे उजळ भिंत होती आणि चेहरा ‘स्पष्ट’ यावा म्हणून तो प्रिंटमध्ये उजळवावा असा माझा आग्रह होता. तुम्ही दोन प्रिंट काढल्यात. माझ्या सांगण्याप्रमाणे काढलेल्या प्रिंटमध्ये चेहरा दिसत होता खरा, पण त्वचेवर राख फासल्यासारखी कळा आली होती. दुसरीत तुम्ही चेहरा गडदच ठेवला होता आणि गालाच्या हाडावरची, कपाळावरची आणि खालच्या ओठावरची चमक तेवढी जपली होती. त्या तीन जागांमुळे बाकीचा सगळा अंधार भरीव झाला होता. त्या आजी दुसऱ्या प्रिंटमध्ये होत्या. पहिलीत फक्त त्यांचा फोटो होता.

चेहरा उजळला की सुधारला, हा समज आपल्या मनात येतो कुठून, याचा मी त्यानंतर शोध घेतला. रंगीत प्रिंटचा तोल जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना जी संदर्भपत्रे पुरवत असे त्यांवर कित्येक वर्षे गोऱ्या स्त्रीचेच छायाचित्र असे. ‘शर्ली कार्ड’ या नावाने ती ओळखली जात. तिची त्वचा नीट आली की प्रिंट नीट, अशी ती कसोटी होती. म्हणजे कागद, रसायने आणि यंत्रे ही तटस्थ असतात हा माझा भरवसाच पोकळ होता, कारण कोणीतरी आधीच ठरवून ठेवले होते की योग्य रंग कोणाचा. आज फोन आपल्या मनाने चेहरे गुळगुळीत आणि उजळ करून देतो तेव्हा मला तेच कार्ड आठवते. मी आता बहुतेक काम डिजिटल करतो, तुम्हाला ते फारसे आवडत नाही हेही जाणतो. तरी प्रत्येक फाइल उघडताना पांढरे काय ठेवायचे आहे, हा प्रश्न आधी सुटतो आणि स्लायडरला हात नंतर लागतो.

डार्करूममध्ये तुमच्या शेजारी उभे राहून जे शिकलो ते सगळे इथे मावणार नाही, पण एक गोष्ट सांगायला हवी. तारेच्या टोकाला चिकटवलेली पुठ्ठ्याची छोटी चकती तुम्ही एन्लार्जरच्या उजेडात धरत असा आणि चेहऱ्यावरचा प्रकाश काही सेकंद अडवत असा, कारण प्रिंटच्या कागदावर जितका प्रकाश जास्त तितका तो भाग गडद होतो. ती चकती क्षणभरही स्थिर राहत नसे, कारण हात थांबला की कागदावर तिची कड उमटते आणि पाहणाऱ्याला कळते की इथे कोणीतरी काहीतरी केले आहे. उलट आकाश किंवा कोपरा गडद करायचा असेल तेव्हा दोन्ही तळव्यांमध्ये फट ठेवून तुम्ही फक्त तेवढ्याच भागावर प्रकाश सोडत असा. हे सगळे लाल दिव्यात, तोंडाने सेकंद मोजत. मग कागद डेव्हलपर या रसायनात जाई, प्रतिमा वर येई आणि मी हरखून ‘झाले’ म्हणत असे, तेव्हा तुम्ही चिमट्याने ट्रे हलवत राहात असा. ओल्या प्रिंटवर तुम्ही कधीच मत दिले नाहीत. ओली प्रिंट सुंदर दिसते. वाळली की पांढरे जरासे मंद होते आणि सावल्या बसतात, ओल्या प्रिंटला भुलून ठरवलेले एक्स्पोजर वाळल्यावर जड ठरते. त्यामुळे निर्णय दुसऱ्या दिवशी, कोरड्या कागदावर, खिडकीच्या उजेडात. अधीर माणसाला ही शिक्षाच होती.

निगेटिव्ह म्हणजे संगीतकाराची लिहिलेली रचना आणि प्रिंट म्हणजे तिचे सादरीकरण, असे अॅडम्स म्हणत, आणि स्वतः तसे वागतही. १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचे त्यांचे प्रसिद्ध छायाचित्र त्यांनी पुढे अनेक वर्षे पुन्हा पुन्हा छापले, आणि नंतरच्या प्रिंटमध्ये आकाश अधिकाधिक काळे होत गेले. जगाला त्या काळ्या आकाशाच्या प्रिंट अधिक आवडतात. मला सुरुवातीच्या, ढगांचे पट्टे दिसणाऱ्या फिक्या प्रिंट जवळच्या वाटतात, आणि ही आवड तुमच्यामुळे लागली की मुळात होती, हे आता वेगळे काढता येत नाही. नाट्य वाढवणे सोपे असते, असे तुमचे मत होते. माझ्या कामात काळीकुट्ट आकाशे आणि धगधगते चेहरे हल्ली दिसत नाहीत, याचे श्रेय किंवा दोष तुमचा.

निवडीबाबत तुम्ही जास्त कठोर होतात. कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे रोलमधली सगळी छायाचित्रे लहान आकारात छापलेला कागद, तयार झाली की ती काही आठवडे उघडायचीच नाही, असा तुमचा नियम होता. छायाचित्र काढले त्या दिवशी किती पायपीट झाली, पाऊस किती होता, परवानगी मिळायला किती विनवण्या कराव्या लागल्या, यातले काहीही चौकटीत दिसत नाही. आपल्याला मात्र ते आठवत राहते आणि त्या कष्टांचे गुण आपण चित्राला देतो. अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड याच कारणाने फिल्मचे रोल डेव्हलप करण्याआधी, म्हणजे रसायनात धुऊन प्रतिमा उमटवण्याआधी, मुद्दाम बराच काळ जाऊ देत. पुढे मात्र १९८४ मध्ये ते वारले तेव्हा सुमारे २,५०० रोल डेव्हलप न करताच मागे राहिले होते, म्हणजे थांबण्यालाही मर्यादा हवी. दुसऱ्या बाजूला छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक यांनी १९५५ पासून अमेरिकाभर फिरून २७,००० हून अधिक छायाचित्रे काढली आणि पुस्तकात घेतली फक्त ८३. हा आकडा तुम्ही मला पहिल्यांदा सांगितलात तेव्हा मी तो काटेकोरपणाचे उदाहरण म्हणून ऐकला. आज वाटते, त्यात वगळलेल्या चित्रांविषयी आदरही असावा, कारण कमकुवत चित्रे शेजारी उभी केली की चांगल्यालाही कमीपणा येतो.

एका बाबतीत मात्र आपले मतभेद आजही आहेत. चौकट कॅमेऱ्यातच पक्की झाली पाहिजे आणि नंतर क्रॉप करणे, म्हणजे कडा कापून टाकणे, ही पळवाट, हे तुमचे म्हणणे मला पूर्णपणे पटलेले नाही. पॅरिसच्या सां लाझार स्थानकामागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे कार्तिए-ब्रेसाँ यांचे १९३२ चे छायाचित्र क्रॉप केलेले आहे, हे तुम्हाला आठवण करून द्यायची संधी मी सोडत नाही, आणि ‘त्यांनी केले म्हणून तू करू नकोस’ हे तुमचे उत्तरही मला पाठ झाले आहे.

सगळ्यात मोठे ऋण मात्र वेगळे आहे. एखाद्या माणसाचे जवळून काढलेले छायाचित्र छापायला घेतले की तुम्ही विचारत असा, ‘हे त्यांनी पाहिले आहे का?’ पुष्कळदा उत्तर नाही असे. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांच्या तळावर एका आईचे छायाचित्र घेतले, ते अमेरिकेतल्या महामंदीची ओळख बनले; त्या बाईंचे नाव मात्र त्यांनी नोंदवले नव्हते. ते फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन आहे आणि त्या चेरोकी या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीच्या वंशाच्या होत्या, हे जगाला कळायला चाळीसहून अधिक वर्षे लागली, आणि त्या छायाचित्रातून आपल्याला काहीच मिळाले नाही याची खंत त्यांनी बोलून दाखवली. लँग सरकारी कामावर होत्या, त्यांनाही पगारापलीकडे त्या छायाचित्राचे वेगळे मानधन मिळत नव्हते, हेतूही चांगला होता. चांगला हेतू पुरत नाही, एवढेच तुम्हाला म्हणायचे होते.

तेव्हापासून पहिली प्रिंट छायाचित्रातल्या माणसाची, असा मी नियम केला. नाव विचारायचे, पत्ता घ्यायचा, प्रिंट पोहोचवायची आणि त्यांनी पाहिल्यानंतरच ते चित्र बाहेर दाखवायचे. काहींनी नको म्हटले आणि ती चित्रे मी कुठेही दिली नाहीत. त्यांपैकी दोन-तीन माझ्या मते फार चांगली आहेत, आणि तशीच पेटीत राहतील. काही घरांत ती प्रिंट म्हणजे घरातल्या थोरल्या माणसाचे एकमेव मोठे छायाचित्र आहे. खिडकीतल्या आजींनी आपली प्रिंट हातात घेऊन आधी गालावरचा डाग शोधला, तो सापडल्यावर मान हलवली आणि मग म्हणाल्या, ‘मीच आहे.’ गडद प्रिंटच त्यांना नेऊन दिली होती.

या पहिल्या प्रिंटचे पैसे तुम्ही कधीच घेतले नाहीत. कागद महाग होत गेला, तुमचे डोळे थकू लागले, तरी बिलात ती ओळ कधी आली नाही आणि मी विचारले की विषय बदलला जाई. या सगळ्या वर्षांबद्दल मी तुमचा अत्यंत ऋणी आहे आणि ते इथे चारचौघांत लिहून ठेवतो आहे. या महिन्यात आणखी काही निगेटिव्ह घेऊन येतो आहे. या खेपेपासून पहिल्या प्रिंटचा कागद मी आणणार, आणि त्यावर तुम्ही विषय बदलायचा नाही.

आपला नम्र,
तुमचा एक विद्यार्थी