दोन मजली पिंजरा आणि परभणीचं ऊन

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दर उन्हाळ्यात आपल्या पेपरात ‘चिमण्यांसाठी गच्चीवर पाणी ठेवा’ असं आवाहन येतं. आम्ही ठेवतो. यंदा घरात कोंडलेल्या एका जिवाबद्दलही चार ओळी छापाव्यात, म्हणून हे पत्र. विषय वाचून हसाल. हॅमस्टर, म्हणजे हौसेनं पाळतात तो उंदरासारखा इवलासा प्राणी.

मी परभणीच्या मोंढ्यात एका आडतीवर पस्तीस वर्षं मुनीम होतो. उंदीर आणि घूस यांच्याशी माझं वैर नोकरीतून आलेलं. पोतं कुरतडलं की मालक आधी माझ्याकडं बघायचे. अशा माणसाच्या घरी गेल्याच्या गेल्या दिवाळीत थोरल्यानं संभाजीनगरहून नातीसाठी हॅमस्टरची जोडी आणली. ‘एकट्याला करमत नाही, जोडीच न्या,’ असं दुकानदारानं त्याला सांगितलेलं. सोबत दोन मजली तारेचा पिंजरा, गुलाबी घसरगुंडी, तळहाताएवढं चाक आणि कापसाचा पुडा. बायको म्हणाली, “जन्मभर मारले, आता पाळा.”

नातीनं दिवाळीला साजेशी नावं ठेवली, लाडू आणि चिवडा. तिसऱ्या आठवड्यात चिवड्याचा कान फाटला. रात्री किंचाळणं ऐकून उठलो, तर दोघं एकमेकांत गुंतून गोळा झालेले. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं, तेव्हा कळलं की ही सोनेरी, म्हणजे सीरियन जात मोठी झाली की एकटीच राहते. दुसरा हॅमस्टर तिला सोबती वाटत नाही, आपल्या बांधावर घुसलेला भाऊबंद वाटतो. लाडू जिंतूरला भाचीकडं गेला. करमण्याचा प्रश्न दोघांनाही पडला नाही.

मग कापूस. आमच्या भागात कापसाला पांढरं सोनं म्हणतात, त्यामुळं मला त्यात वावगं काही दिसलं नाही. पण त्याचा धागा पायाला गुंडाळला की सुटत नाही, रक्त अडतं. गालात भरून गिळला तर आतडं तुंबतं. चिवड्याच्या मागच्या पायाला पीळ बसला होता. चष्मा लावून, चिमट्यानं, नातीच्या रडण्यात तो सोडवला. आता त्याला बिनवासाचे, बिनरंगाचे कागदी रुमाल देतो. त्याच्या चिंध्या करून तो स्वतःच गादी करतो.

आणि तो तारा चावायचा. रात्री अकरापासून कटकट, कटकट. घरचे म्हणाले, दात शिवशिवत असतील. दात वाढत राहतात हे खरं, पण माझं मन मानेना. मोंढ्यात घुशी बघितलेल्या माणसाला एक कळतं, या जातीला उंची नको असते, खोली हवी असते. लहानपणी ज्वारी काढल्यावर शेतात घुशीची बिळं उकरून त्यातली कणसं काढणारी माणसं मी बघितली आहेत. हॅमस्टर घूस नव्हे, पण कोठार भरायची खोड तीच. तुर्कस्तान-सीरियाच्या सीमेवर मोकळ्या शेतात राहणाऱ्या या प्राण्याची बिळं अभ्यासकांनी मोजली, तर ती सरासरी ६५ सेंटिमीटर खोल निघाली. आणि आम्ही त्याला दोन मजले आणि बोटभर भुसा दिला होता! स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासकांनी २००६ साली १०, ४० आणि ८० सेंटिमीटर जाडीच्या थरांवर हॅमस्टर ठेवून बघितले. दहावाले तारा जास्त चावत होते.

तेव्हा पिंजरा काढला. ओळखीच्या फरसाणवाल्याकडं काचेची जुनी शोकेस अडगळीत होती, चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. ती आडवी टाकली, वर बारीक जाळी बसवली. काचेत उष्मा कोंडतो, म्हणून वरची बाजू सगळी उघडीच हवी. एका अंगाला सव्वा फूट थर, दुसऱ्या अंगाला अर्धा फूट. थरासाठी काय वापरलं, ते ऐकून माझे जुने मालक कपाळाला हात लावतील. आडतीवरच्या जुन्या खतावण्यांची कोरी पानं पट्ट्या करून, त्यात मऊ वाळलं गवत. गवत नसेल तर बोगदा ढासळतो. कडबा घालू नये, दाणे भरून न्यायला याच्या गालात पिशव्या असतात, त्यांना त्याची टोकं आतून टोचतात. सुताराकडचा भुसाही नको. धूळ असते, आणि देवदार-चीडसारख्या वासाच्या लाकडाचा दर्प या एवढ्याशा छातीला बाधतो. (आपला पेपर मी तिथं घालत नाही, शाईमुळं. राग नसावा.)

चाक नवं आणलं, २८ सेंटिमीटरचं, पाळीला फटी नसलेलं. तळहाताएवढ्या चाकात त्याची पाठ धनुष्यासारखी वाकायची. एका कोपऱ्यात ताटलीभर चाळलेली, भाजून गार केलेली वाळू ठेवली. तीत तो लोळून अंग साफ करतो आणि लघवीलाही तिथंच जातो. त्यामुळं साफसफाई सोपी. रोज तेवढीच ओली वाळू काढायची. सगळं घर एकदम धुऊन काढायचं नाही. आमच्या सुनेला स्वच्छतेचं वेड, तिनं एकदा सगळं उपसलं. चिवडा दोन दिवस बावरून फिरत होता, कारण त्याच्या घराला त्याचा वासच उरला नव्हता. आता थर बदलताना निम्मा जुना ठेवतो. त्यानं पुरलेल्या ज्वारी-बाजरीला तर हातच लावत नाही, फक्त काकडीचा तुकडा कुजत नाही ना, एवढं बघतो.

पहिली आठ-दहा रात्री त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. नातीला हे फार जड गेलं. तिनं कागदी रुमाल तासभर हातात धरून आत टाकायचा, म्हणजे तिचा वास त्याला घरचा वाटेल, असं ठरलं. वरून हात घातला तर तो घार आल्यासारखा दचकतो. बाजूनं, तळहात उघडा ठेवून थांबायचं. दिवसा उठवायचं नाही. पाहुणे आले की ‘दाखव की तुझा उंदीर’ म्हणतात, त्यांना मी सरळ रात्री या म्हणतो. पुढच्या खोलीत टीव्ही, समोरून लग्नसराईत डीजेची वरात, म्हणून शोकेस मागच्या खोलीत ठेवली. आपल्याला ऐकू येत नाहीत इतके बारीक आवाजही त्याला ऐकू येतात, त्या डीजेनं त्याचं काय होत असेल?

खरा घोर उन्हाळ्याचा. या प्राण्याला अठरा ते चोवीस अंश मानवतात, तिशीच्या वर जीव घाबरा होतो. परभणीचा मे महिना मी सांगायला नको. पहिल्या मे महिन्यात दुपारी वीज गेली, कूलर थांबला आणि तारेच्या पिंजऱ्यात चिवडा हातपाय पसरून ओल्या बोळ्यासारखा पडला. धाप लागलेली. माठाजवळच्या गार फरशीवर नेला, जिभेला पाण्याचा थेंब लावला, तासाभरानं मान उचलली. थंडगार पाण्यात बुडवू नका, धक्क्यानं जातो. आता थरावर शहाबादी फरशीचा तुकडा आणि उपडं मातीचं मडकं आहे, तोंड त्याच्या अंगापुरतं फोडलेलं. दुपारी बर्फाची बाटली कापडात गुंडाळून काचेला बाहेरून टेकवतो. कूलरचा झोत अंगावर सोडत नाही. थंडीचंही एक सांगतो. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडं पारा कधी पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा हा प्राणी गार, ताठ होऊन पडू शकतो. मेला समजून पुरू नका. अंगाच्या उबेत धरा आणि डॉक्टर गाठा.

१९३० साली सीरियातल्या अलेप्पोजवळ शेत खणून या जातीची एक मादी पिल्लांसकट बाहेर काढली होती. घाबरून तिनं त्यातलं एक पिल्लू मारलं. आज जगभर पाळलेले बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्याच वंशाचे. भेदरटपणा रक्तातच आहे म्हणा ना.

आता मागणी. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत, त्यात हॅमस्टरचं नाव आहे, दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. १९६० च्या कायद्यानुसार हालचालीला पुरेसा नसलेला पिंजरा हा क्रूरतेचाच प्रकार. हे दुकानदाराला माहीत नसेल तर गिऱ्हाईकानं तरी विचारावं. प्रत्येक जिवासोबत मराठीत एक पानभर चिठ्ठी द्यावी: एकटा ठेवा, खोल थर द्या, कापूस नको, उन्हात गारवा. खताच्या पोत्यावर सूचना छापतात, मग जिवंत मालाबरोबर का नको?

तो दोन मजली पिंजरा शेजारी फुकट मागत होते, त्यांच्या पोराला हॅमस्टर घ्यायचाय. दिला नाही. सध्या त्यात कांदे भरलेत. हवा चांगली खेळते.

आपला,
एक निवृत्त मुनीम, परभणी