शनिवारच्या वर्गाआधी

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, आणि माझं सांगणं पडलं लांबट, म्हणून लिहूनच पाठवते. विरंगुळा केंद्रातल्या मंडळींना मोबाईलवरून घराण्याचा शोध घ्यायला बाबा शिकवणार, हे ऐकून बरं वाटलं. रिटायर झालात तरी मास्तरकी काही सुटत नाही!

बाबा, एक मात्र करा. पहिल्याच दिवशी कुणीतरी ‘आम्ही मूळचे अमक्या सरदारांचे’ म्हणत यूट्यूब उघडणार. ते आधी बंद करायला लावा. आडनावांचा इतिहास सांगणाऱ्या त्या व्हिडिओंत ज्याला त्याला एक सरदार आणि एक देवक मिळतंच. शोध आपल्यापासून मागं जातो. आपण, बाप, आजा, पणजा, आणि प्रत्येक पायरीला एक कागद. कागद नसेल तिथं नाव पेन्सिलनं लिहायचं. एवढं पटलं तरी वर्ग वसूल.

सातबारा सगळ्यांना ठाऊक आहे, पण माणसं सापडतात फेरफारात, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदींत. सरकारच्या महाभूमी साईटवरच्या ‘आपले अभिलेख’मध्ये स्कॅन केलेले जुने फेरफार गाव आणि गट नंबर टाकून शोधता येतात. तिथं नाही मिळाला तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज. पणजोबांच्या वारसाच्या फेरफाराची प्रत सोबत जोडलीय, वर्गात तीच दाखवा. तिन्ही पोरांची नावं एकाखाली एक आहेत आणि कडेला ‘अ.पा.क. आई’ म्हणून पणजीचं नाव. अज्ञान पालनकर्ती, म्हणजे अल्पवयीन पोरांची पालक. पोरं मोठी असती तर तिचं नाव कागदावर आलं असतं का, कोण जाणे. खाली अंगठा आहे, शाई जास्त झाल्यानं नुसता काळा ठिपका उमटलाय, आणि शेजारी तलाठ्याची लफ्फेदार सही. पुढच्या सातबाऱ्यावर मात्र थोरले आजोबा एकटेच, ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. धाकटे दोघं कागदावरून गायब. अशा वेळी लोक लगेच म्हणतात, ‘आमच्या आज्याला भाऊच नव्हता.’ होता, पण ए.कु.मॅ.च्या पोटात होता.

आता आई, तुझं काम. तू म्हणतेस की पणजीचं नाव तुला सासूबाईंनी दुसरंच सांगितलेलं. ते माहेरचं असणार. ते नाव, तिचं माहेर, तिच्या बहिणी कुठल्या गावांत दिल्या, हे जगातल्या कुठल्याही साईटवर मिळणार नाही. बाबांनी काढलेल्या वंशावळीत सगळे पुरुषच आहेत, माझंही नाव नंतर तिरक्या अक्षरात घातलंय (बाबा, हसू नका). तू बोलत जा, बाबांनी मोबाईलवर रेकॉर्ड करावं. साल विचारलं की तुला आठवत नाही, म्हणून असं विचारायला सांगते : कोयनेच्या भूकंपाच्या आधी की नंतर? म्हणजे 1967. बहात्तरच्या दुष्काळात ती पोरगी चालत होती की रांगत होती? असं विचारलं की तुला सगळं आठवतं.

शाळेचा कागद विसरू नका. शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यामुळं आपल्या कोल्हापूर संस्थानातल्या खेड्यांतल्या शाळांच्या जनरल रजिस्टरांत शंभर वर्षांपूर्वीच्या पोरांची नावं असायची शक्यता इतर मुलखापेक्षा जास्त. जन्मतारखेवर मात्र विसंबू नका. बाबा, तुमची 1 जून, तुमच्या दोस्तांपैकी निम्म्यांची 1 जून. तुमच्या मास्तरांची कृपा.

त्याच्या मागं गेलं की मोडी लिपी लागते, आणि बरेच जण तिथंच थांबतात. थांबू नका. 2023 पासून न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदी शोधताना मोडीतले ढीगभर कागद स्कॅन झाले आणि त्यातले पुष्कळ जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढले. गावाचं नाव, ‘अमका बिन तमका’ आणि शके एवढं वाचता आलं तरी काम भागतं. बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको, आणि शकात 78 मिळवले की साधारण इसवी सन. संस्थानच्या कागदांसाठी कोल्हापुरातच पुराभिलेख कार्यालय आहे. जाण्याआधी एकच गोष्ट विचारून घ्या : गाव खालसा, म्हणजे थेट संस्थानच्या ताब्यात, होतं की जहागिरीतलं? कागल, इचलकरंजी, विशाळगड, बावडा, कापशी यांचं दप्तर वेगळं. आणि 1886 च्या गॅझेटियरात पेठे, म्हणजे तेव्हाचे तालुके, सहाच आहेत : करवीर, पन्हाळा, आळते, शिरोळ, गडहिंग्लज, भुदरगड. हातकणंगले तालुका शोधत बसाल तर मिळायचा नाही, आळत्यात पाहा.

तुमच्या त्या शिवाजी पेठेतल्या मित्रांचे आजोबा ‘बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत’ ना? त्यांना कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची साईट दाखवा, फुकट आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, पडलेल्या आपल्या शिपायांची नावं तिथं आहेत, कित्येकदा बापाचं नाव आणि गावही. स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून, त्यामुळं पवार असतील तर पोवारही टाकून बघा, आणि आडनाव नसेल तर नुसतं नाव.

फॅमिलीसर्चवरही खातं फुकट आहे. तिथलं झाड सगळ्यांचं मिळून असतं, मृत माणसाच्या नोंदीत कुणीही बदल करू शकतं, तेव्हा मूळ वही घरातच राहू द्या. आणि वर्गात कुणालाही आधार नंबर किंवा जिवंत माणसांच्या जन्मतारखा ग्रुपवर टाकू देऊ नका. आईचं माहेरचं आडनावसुद्धा नको, बँका तेच विचारतात.

सुगी झाली की गावाकडं हेळवी, म्हणजे घराण्यांची कुळी सांगत फिरणारा, येईल. काकांना आत्ताच सांगून ठेवा, आला की फोन करा म्हणावं, तुम्ही दोघं एसटीनं जा. तो आपली कुळी म्हणेल तेव्हा त्याची परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, मधे बोलू नका, आणि त्याच्या वहीतल्या आपल्या पानाचा फोटो मागा. धान्य देताना काकू हात आखडेल, आई, तू तिथं उभी राहा.

तुमची,
ठमी