छाटणीची मजुरी लाकडात नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मे महिना निम्मा सरला की सोसायट्यांच्या सूचनाफलकावर एक ओळ हमखास झळकते : 'पावसाळ्यापूर्वी आवारातील झाडांची छाटणी करून घेण्यात येईल.' कोण करणार, कशी करणार, याबद्दल चकार शब्द नसतो. मग वॉचमनच्या ओळखीतला कोणीतरी येतो, मान वर करून अंदाज घेतो आणि म्हणतो, 'पैसे नकोत साहेब, लाकूड आम्ही नेतो.' फुकटात काम होतंय म्हणून कमिटी खूश. माझा आक्षेप नेमका या व्यवहारावर आहे.

ज्याची मजुरी लाकडात आहे, तो शेंड्याकडच्या वाळक्या फांदीसाठी जीव कशाला धोक्यात घालेल? पहिल्या वळवाला जी खाली येणार, ती तो तशीच सोडतो, कारण तिथवर चढायचे कष्ट फार आणि वजन थोडे. त्याची करवत चालते ती खालच्या, मांडीएवढ्या जाड, निरोगी फांद्यांवर. टेम्पो भरतो, आवार उजळ दिसू लागते, बिले मंजूर करायला ठेवावी लागत नाहीत. झाड मात्र एका बाजूला कललेले आणि वरून जड होऊन उभे राहते. म्हणजे ज्या धोक्यासाठी छाटणी केली, तोच वाढवून ठेवलेला असतो. त्या माणसाला मी दोष देत नाही. तो पोटासाठी लाकूड नेतो. दोष त्याला तसे बोलावणाऱ्यांचा आहे.

फांदी कुठे कापायची, याचे शास्त्र आहे. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून तपासली आणि १९७० च्या दशकात दाखवून दिले की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. कुजलेला भाग झाड आतल्या आत भिंती घालून कोंडून टाकते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवत राहते. फांदी खोडाला मिळते तिथे किंचित फुगीर कडे असते. या भिंती उभारण्याची ताकद बरीचशी तिथे असते. म्हणून काप त्या कड्याच्या जरा बाहेर हवा. खोडाला अगदी घासून कापले की कडेच जाते, आणि हातभर खुंट ठेवला की तो कुजत आत शिरतो. जड फांदी तीन कापांत उतरवतात : आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडे पुढे वरून, आणि भार उतरल्यावर शेवटचा कड्यालगत. पहिला काप चुकवला तर फांदी कोसळताना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या रस्त्यावर अशी सोललेली खोडे दिसतील. वरून डांबर फासल्याने यातले काही भरून निघत नाही.

शेंडा उडवणे हा याहून वाईट प्रकार. काही आठवड्यांत झुबक्याने धुमारे फुटतात आणि 'बघा, कसे तरारले!' म्हणून लोक समाधान मानतात. हे फुटवे सालीलगतच्या थरातून आलेले असतात, मूळ फांदीसारखे खोलवर रुजलेले नसतात. चार-पाच वर्षांनी ते जाडजूड झाले की वाऱ्यात मोडतात ते हेच.

झाड काढायचेच नाही, असे माझे म्हणणे मुळीच नाही. बुंध्याशी कठीण अळंब्यांची छत्रे उगवली असतील, झाड अलीकडेच कलले असेल आणि कलाच्या विरुद्ध बाजूची जमीन उचलून भेगाळली असेल, तर वेळ घालवू नये. पण खोडात पोकळी आहे एवढ्यावरून झाड गेले, असे होत नाही. आतले जुने लाकूड मेलेलेच असते. जिवंत भाग सालीलगत असतो. बाहेरची भिंत पुरेशी जाड आहे की नाही, हे जाणकार लाकडी हातोडीने ठोकून किंवा यंत्राने तपासून सांगतो. करवतवाला सांगणार नाही, कारण पोकळ झाडातही त्याचा टेम्पो भरतोच.

आणि बरीचशी झाडे पडतात ती मुळांमुळे. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक, शेजारी केबलसाठी खोदलेला चर, मग मुळाविना उभा गुलमोहर वादळात आडवा झाला की 'ही परदेशी झाडेच ठिसूळ' असा निकाल! राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितले होते. आपल्या आवारात कोणी पाहावे, किती झाडांना ती आहे.

कायदा अपुरा नाही. राज्याच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरात झाड आपल्या कुंपणाच्या आत असले तरी परवानगी लागते, आणि झाडाला कसलीही इजा करणे हेही तोडण्यातच मोजले जाते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांपुढच्या झाडांना हेरिटेज वृक्षाचा दर्जा दिला. परवानगीचा कागद हातात आला की काम संपले, असे मात्र आपण समजतो. खरे तर काम तिथून सुरू होते.

प्रशिक्षित माणसे महाग पडतात, हे मान्य. पण लिफ्टच्या देखभालीचा वार्षिक करार आपण करतोच ना? झाडावर चढणाऱ्याला हेल्मेट, कमरेचा पट्टा आणि विमा आहे का, तारांजवळ काम असेल तर महावितरणकडून वीज बंद करून घेतली का, घरट्यांत पिल्ले आहेत का (मे-जूनमध्ये कावळ्यांची असतातच), हे विचारायला तर पैसे पडत नाहीत. शिवाय सह्याद्रीतले कडे दोराने चढणारी पोरे पुण्यात कमी नाहीत. त्यांना छाटणीचे शास्त्र शिकवले तर शहराला हवी असलेली माणसे इथेच तयार होतील.

महापालिकेच्या उद्यान विभागाला माझी विनंती एवढीच : परवानगी देताना कोणत्या फांद्या कापायच्या ते झाडाच्या छायाचित्रावर खुणा करून द्यावे, काम करणाऱ्याचे नाव अर्जातच घ्यावे, आणि लाकूड कोणाकडे जाणार व त्याची रक्कम कोणाच्या खात्यात जमा होणार, हा रकाना त्या अर्जात घालावा. मजुरीपोटी लाकूड देण्याची मुभाच त्यात नसावी.

आपला,
एक वाचक
कोथरूड, पुणे