आधी टीव्हीचा गेम मोड लावा, मग टेकनला नावं ठेवा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंडळांच्या गणेशोत्सवात आणि कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये सांगली-मिरजेकडे आता कॅरम-बुद्धिबळाच्या शेजारी 'टेकन ८' या दोघांच्या मारामारीच्या व्हिडिओ गेमचीही स्पर्धा ठेवली जाते. स्पर्धा संपल्यावर चहाच्या गाड्यावर ठरलेली वाक्यं ऐकू येतात. 'बटणच लागत नव्हतं.' 'त्याचा कॅरेक्टर ओपी (वाजवीपेक्षा ताकदवान) आहे.' 'नुसती बटणं बडवायची, त्यात काय?' पालक आणि आयोजकही ती ऐकतात आणि हा सगळा नशिबाचा मामला आहे असं ठरवून मोकळे होतात. आमचं म्हणणं असं की यातल्या बहुतेक तक्रारी गेमच्या नाहीतच. त्या टीव्हीच्या, केबलच्या आणि स्पर्धेच्या नियमांच्या आहेत. गेमवरच्या रास्त तक्रारी वेगळ्या आहेत, त्याही खाली मांडतो.

टेकन सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, या वेगाने चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. सगळ्यात झटपट ठोसा, म्हणजे जॅब, १० फ्रेममध्ये लागतो. डोळ्यांनी बघून बोट हलायला माणसाला पाव सेकंद, म्हणजे १५ फ्रेम लागतात. त्यामुळे जॅब बघून कोणीच अडवत नाही, तो अंदाजानेच अडवायचा. पण २५ फ्रेमचा एखादा लो, म्हणजे पायाकडचा वार, सराव असलेला खेळाडू बघून खाली बसतो आणि अडवतो. आता टीव्ही चित्रच १०० मिलिसेकंद उशिरा दाखवत असेल तर ६ फ्रेम तिथेच गेल्या. उरल्या १९. त्यात गेमची स्वतःची काही फ्रेमची दिरंगाई धरली तर हातात काहीच राहत नाही. मग जो बघून खेळतो तो हरतो आणि जो डोळे झाकून बटणं दाबतो त्याचं काहीच बिघडत नाही. 'बटण लागत नव्हतं' ही तक्रार खरी असते, फक्त गुन्हेगार वेगळा असतो.

हॉलमधला ५५ इंची टीव्ही बहुधा 'व्हिविड' किंवा 'स्टँडर्ड' मोडवर असतो. त्यात हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून टीव्ही दोन चित्रांच्या मधलं तिसरं चित्र स्वतः तयार करतो. त्यासाठी पुढचं चित्र येईपर्यंत त्याला आधीचं धरून ठेवावं लागतं आणि उशीर होतो तो तिथेच. उपाय फुकट आहे. रिमोटवरून पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन 'गेम मोड' लावा, मोशन स्मूदिंग आणि नॉइज रिडक्शन बंद करा. अनेक टीव्हींमध्ये हा मोड एचडीएमआयच्या प्रत्येक पोर्टला वेगवेगळा लागतो. सकाळी पहिल्या पोर्टवर लावला आणि दुपारी कोणी केबल दुसऱ्या पोर्टला खोचली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. गेम मोडमध्ये बऱ्याच टीव्हींचा उशीर १० ते २० मिलिसेकंदांवर येतो, आणि २४ इंची साधा गेमिंग मॉनिटर मिळाला तर मोठ्या टीव्हीचा हट्टच नको.

उशीर मोजायला यंत्र लागत नाही. मोबाइलच्या स्लो-मोशन कॅमेऱ्यात सेकंदाला २४० चित्रांचा पर्याय असतो. कंट्रोलरवरचा अंगठा आणि पडदा एकाच फ्रेममध्ये धरून जॅब मारा, मग व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत बटण दबल्यापासून हात हलेपर्यंतची चित्रं मोजा. प्रत्येक चित्र साधारण ४ मिलिसेकंदांचं. हे एकदा व्हिविड मोडवर आणि एकदा गेम मोडवर करा. गेमचा स्वतःचा उशीर दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून जो फरक निघेल तो निव्वळ टीव्हीचा. प्रेक्षकांसाठी प्रोजेक्टर लावायचा असेल तर एचडीएमआय स्प्लिटरने वेगळी केबल काढा. खेळाडूंना प्रोजेक्टरकडे बघून खेळायला लावू नये.

कंट्रोलरचा घोळ याहून मजेशीर. पीएस५चे (प्लेस्टेशन ५ या कन्सोलचे) कंट्रोलर बिनतारी असतात आणि आधी जोडलेला कंट्रोलर कन्सोल विसरत नाही. हरून बाकावर बसलेल्याच्या पिशवीत होम बटण दाबलं गेलं, की इकडे चालू कुस्तीत पडद्यावर मेनू येतो. यावर सोपा इलाज म्हणजे कन्सोलच्या सेटिंग्जमधून ॲक्सेसरीजमध्ये, तिथून कंट्रोलरच्या भागात जाऊन संपर्काची पद्धत 'यूएसबी केबल' अशी करणे. केबल मात्र डेटा वाहणारी हवी. स्वस्तातल्या काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात. दिवा लागतो, पण कंट्रोलर केबलवरून बोलतच नाही. आणखी एक, पीएस४चा कंट्रोलर पीएस५च्या गेमला चालत नाही. टेकन ८ पीएस४वर आलेलाच नाही, तिथे 'टेकन ७' आहे. घरी पीएस४ असलेली मुलं आपला कंट्रोलर घेऊन येतात आणि दारातच अडतात. हे आधी कळवलं तर त्यांची फेरी वाचेल.

'माझा कॅरेक्टरच नव्हता' हीसुद्धा खरी तक्रार असते. जानेवारी २०२४मध्ये गेम आला तेव्हा त्यात ३२ कॅरेक्टर होते. एडी, लिडिया, हेहाची हे नंतर आले आणि ते वेगळे विकत घ्यावे लागतात. आयोजकाच्या कन्सोलवर मूळ गेमच असेल तर लिडियाचा सराव करून आलेल्याला ऐन वेळी दुसऱ्या कोणाला तरी घेऊन उभं राहावं लागतं. दोन कन्सोलवर गेमच्या आवृत्त्या वेगळ्या असतील तर तोच वार एकावर सुरक्षित आणि दुसऱ्यावर महागात पडणारा, असंही होतं. अपडेट आदल्या रात्री करून ठेवावेत. अख्खा गेम १०० जीबीच्या घरात जातो. ४० एमबीपीएसच्या लाइनवर १०० जीबी उतरायला साडेपाच तास लागतात. मंडपात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते होणार नाही.

आता बटणं बडवण्याबद्दल. टेकन ३ प्लेस्टेशनवर १९९८मध्ये आला तेव्हापासून एडी घेऊन लाथांची दोन बटणं बडवणारा भिडू प्रत्येक गल्लीत आहे. त्याला हरवता येतं, पण त्यासाठी दोन-तीन डाव लागतात. आपल्याकडे स्पर्धा ठेवतात एका डावाची. हरला की बाहेर. चार मिनिटांत समोरच्याच्या सवयी कळत नाहीत, म्हणून बडवणारा पुढे जातो. कुंडलच्या मैदानात माती न उकरता, न भिजवता जोड लावली तर निकालाचा दोष कोणी पैलवानाला देणार नाही.

मोठ्या स्पर्धांत पद्धत ठरलेली आहे. ६० सेकंदांचा राउंड, तीन राउंड जिंकणाऱ्याचा डाव, दोन डाव जिंकणाऱ्याचा सामना, आणि दोनदा हरल्यावरच बाहेर. १६ खेळाडूंना असे ३० किंवा ३१ सामने होतात. सामन्याला सरासरी ८ मिनिटं धरली तर एका कन्सोलवर चार तास, दोन कन्सोलवर अडीच-पावणेतीन तास. एवढा वेळ हॉल मिळत नसेल तर चार-चारचे चार गट करा. प्रत्येक गटात ६ याप्रमाणे एकेरी डाव २४, प्रत्येकी ४ मिनिटं म्हणजे ९६ मिनिटं. मग गटविजेत्यांच्या दोन उपांत्य आणि एक अंतिम, हे तीन सामने आधी दोन डाव जिंकणाऱ्याचे. दोन तासांत आटोपतं आणि शेवटच्या खेळाडूलाही तीन डाव मिळतात. प्रत्येक सामन्याआधी बटणांची मांडणी तपासायला एक मिनिट द्या. नंतर 'माझी बटणं उलटी होती' ऐकून घेऊ नका. चालू राउंडमध्ये ज्याच्या हातून पॉज झाला त्याने तो राउंड गमवायचा, हा नियम कठोर वाटतो, पण तो आधी वाचून दाखवला की भांडणं होत नाहीत.

खेळाडूंनाही दोन शब्द. एडी ओपी आहे असं म्हणण्याआधी प्रॅक्टिस मोडमध्ये जा. तिथे समोरच्या कॅरेक्टरकडून तीच लाथांची माळ रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा मारून घेता येते, आणि प्रत्येक वाराचे फ्रेमचे आकडे पडद्यावर दिसतात. टेकन ७मध्ये हे आकडे वेगळे विकत घ्यावे लागत, आता ते गेमसोबतच मिळतात. माळेतला कोणता वार हाय, म्हणजे डोक्याकडचा, आहे ते बघा, तिथे खाली बसा आणि उठताना मारा. अनेक कॅरेक्टरची उडी मारून घातलेली हॉपकिक ब्लॉक झाली की 'मायनस १३' होते. म्हणजे मारणारा तुमच्यापेक्षा १३ फ्रेम उशिरा सावरतो आणि तुमचा १० फ्रेमचा जॅब त्याला हमखास बसतो. बहुतेक जण ब्लॉक केल्यावर नुसते उभे राहतात आणि मग 'तो सारखी तीच लाथ मारतो' म्हणून रडतात. मारणारच, कोणी शिक्षाच करत नाही! हरलेल्या सामन्याचा रिप्ले उघडून मधूनच कंट्रोल आपल्या हातात घेण्याची सोयही आहे. त्याच क्षणी काय करता आलं असतं ते तिथे करून बघता येतं.

एवढं सगळं नीट लावल्यावरही जी तक्रार उरते ती 'हीट'ची, आणि ती आम्हालाही पटते. प्रत्येक राउंडला एकदा, साधारण १० सेकंद, खेळाडूला ही अवस्था मिळते. त्या वेळात समोरच्याने वार अडवला तरी त्याची थोडी लाइफ जाते. 'हीट डॅश' लावला, म्हणजे हीट खर्च करून पुढे झेप घेतली, की अडवलेल्या वारानंतरही पुढची चाल मारणाऱ्याच्याच हातात राहते, आणि अडवणाऱ्याने ओळखायचं की आता लो येतो की मिड, म्हणजे उभं राहून अडवायचा मधला वार. चुकलं तर अर्धी लाइफ साफ. मागे सरकत, बाजूला पाऊल टाकत, समोरच्याला चुकायला लावून खेळणं हा टेकनचा जुना कस होता. त्याची किंमत इथे कमी झाली. एप्रिल २०२५मध्ये दुसऱ्या सीझनचा मोठा बदल आला तेव्हा बचावाला बळ मिळेल अशी अपेक्षा होती. आलं ते उलटंच, आक्रमण आणखी सोपं झालं. जगभरच्या खेळाडूंनी इतका कडक विरोध केला की कंपनीला त्यातले काही बदल नंतरच्या अपडेटमध्ये मागे घ्यावे लागले. पैसे मोजून गेम घेतल्यावर कॅरेक्टरच्या कपड्यांसाठी गेमच्या आत पुन्हा दुकान उघडलं, त्याबद्दलची नाराजी वेगळीच.

तरीही आपल्याकडच्या पातळीवर हीटपेक्षा शिक्षा न केलेल्या हॉपकिकने जास्त राउंड जातात, असं आमचं मत आहे. समोरचा हीटमध्ये गेला की पाठीशी भिंत ठेवू नये, अंतर वाढवावं आणि आपली हीट शिल्लक ठेवावी. एवढ्याने निम्मं संकट टळतं.

घरून ऑनलाइन खेळणाऱ्यांसाठी एकच सूचना, वायफाय सोडून राउटरपासून लॅन केबल टाका. २० मीटर केबल पुरेशी होते. वायफायचा वेग कमी नसतो, पण त्यात मधेच खंड पडतो. गेम समोरच्याची पुढची हालचाल गृहीत धरून चित्र पुढे नेतो. गृहीत चुकलं की मागे जाऊन दुरुस्त करतो आणि कॅरेक्टर उडी मारल्यासारखे दिसतात.

पालकांच्या मनातली शंका वेगळी असते, हा जुगार तर नाही ना? ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे गेम आणि ई-स्पोर्ट्स यांत फरक केला आहे. प्रवेश शुल्क आणि कामगिरीवरचं बक्षीस वेगळं, निकालावर लावलेली पैज वेगळी. २०२६च्या आयची-नागोया आशियाई क्रीडा स्पर्धांच्या ई-स्पोर्ट्स यादीत टेकनही आहे. हॉलच्या मागच्या रांगेत कोणी पैजा लावत असेल तर त्याला बाहेर काढणं हे आयोजकाचं काम आहे.

पोस्टरवर बक्षिसाची रक्कम मोठ्या अक्षरांत असतेच. तिच्याखाली कन्सोल किती, कोणते कॅरेक्टर उघडलेले आहेत, सामना किती डावांचा आणि कंट्रोलर कोणता आणायचा, एवढंही छापावं.

आपले,
टेकन खेळणारे काही जण,
विश्रामबाग, सांगली