'पीस' म्हणून पाठवलेला खुंट

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : गुलाबाच्या चार कलमांपैकी दोन चुकीची निघाल्याबद्दल

महोदय,

गेल्या वर्षी मी तुमच्याकडून पीस, डबल डिलाइट, क्वीन एलिझाबेथ आणि आइसबर्ग अशी चार कलमं मागवली होती. आइसबर्ग उत्तम आहे, पांढरे घोस येतच असतात. क्वीन एलिझाबेथ माझ्या खांद्याला लागली आहे. तक्रार आहे ती उरलेल्या दोघांबद्दल.

'पीस'ला महिन्याभरात जोमदार फुटवा आला, तेव्हा मला फार आनंद झाला होता. मग पानं नीट पाहिली. एकेका पानाला सात, कुठे नऊ पर्णिका आणि देठाच्या बुडाशी झालरीसारखी उपपर्णं, म्हणजे पानासारखे छोटे भाग. ही खूण मल्टिफ्लोरा या रानगुलाबाची, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या खुंटाची. बुंध्याजवळची माती बोटांनी बाजूला केली. डोळा भरलेल्या, म्हणजे खुंटाच्या सालीत पीसची कळी बसवलेल्या जागी प्लॅस्टिकची पट्टी करकचून बांधलेली तशीच होती आणि आतला डोळा काळा पडून वाळला होता. फुटवा निघाला होता त्याच्या इंचभर खालून. एरवी असे फुटवे आपण मुळाशी काढून टाकतो, पण इथे वर जिवंत असं काही उरलंच नव्हतं. यंदा त्याला पाच पाकळ्यांची बारीक पांढरी फुलं आली.

यावर तुमच्या प्रतिनिधीने कळवलं की खत आणि हवामानामुळे रंग फिका पडला असेल. पीसच्या कडांची गुलाबी झाक हवेप्रमाणे कमीजास्त होते, हे मला माहीत आहे. पण चाळीसेक पाकळ्यांचं पिवळं फूल खतामुळे पाच पाकळ्यांचं होत नाही. हे उत्तर वाचून मला चुकीच्या रोपापेक्षा जास्त वाईट वाटलं.

फ्रान्सच्या मेयाँ घराण्यात तयार झालेल्या आणि 1945 मध्ये, युद्ध संपत असताना, 'शांती' असं नाव मिळालेल्या या गुलाबासाठी मी चांगलं फुलणारं एक झाड काढून शेजारी दिलं होतं. सगळ्यात जास्त ऊन येणारा कोपरा तोच होता.

डबल डिलाइटचं फूल दुरंगी आलं खरं, पण पाकळी आतून पूर्ण लाल आणि पाठीमागून पांढरी. खऱ्या डबल डिलाइटचा मधला भाग सायीसारखा असतो, लाली कडेला असते आणि ऊन लागेल तशी ती पसरत जाते. शिवाय रंग आणि सुवास असा दुहेरी आनंद म्हणूनच त्याला ते नाव आहे. तीन दिवस सकाळी ऊन चढायच्या आत मी फूल हुंगून पाहिलं. वास अजिबात नाही.

मला पैसे परत नकोत. लागवडीच्या हंगामात ही दोन्ही कलमं खात्रीची पाठवा. डोळा जिवंत आहे आणि पट्टी सोडवून काढली आहे, हे पाठवण्याआधी कुणीतरी हाताने तपासावं. जात शिल्लक नसेल तर तसं सरळ कळवा, मी थांबेन. पर्यायी रोप परस्पर पाठवू नका. पानांचे, बुंध्याचे आणि दोन्ही फुलांचे फोटो, तसंच पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

आणखी एक विनंती. डबल डिलाइटच्या नावाने आलेलं झाड निरोगी आहे, ते मी काढणार नाही. ज्यांचे डोळे कलमासाठी घेता त्या मातृवृक्षांच्या नोंदी पाहून त्याचं खरं नाव कळवा, म्हणजे मला त्याची पाटी बदलता येईल.

आपली,
एक ग्राहक