चाळीस संगणक जूनपूर्वी शाळांत पोहोचवण्यासाठी आवाहन

सर्व सभासद, माजी सभासद, हितचिंतक आणि सांगलीच्या आपल्या लिनक्सप्रेमी मंडळाशी जोडलेल्या शाळांचे मुख्याध्यापक यांस सप्रेम नमस्कार.

विंडोज १० ला मिळणारी सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, हे आपणांस ठाऊक आहेच. ज्यांनी घरच्या संगणकासाठी वर्षभराची मुदतवाढ घेतली, त्यांचीही मुदत १३ ऑक्टोबर २०२६ रोजी संपते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे काल संध्याकाळपर्यंत व्यवस्थित चालणारी यंत्रे कार्यालयांतून आणि दुकानांतून भंगाराच्या वाटेला लागली आहेत. त्यांपैकी चाळीस संगणक भंगारवाल्याच्या टेम्पोत चढण्याआधी मंडळाने मागून घेतले असून ते सध्या आपल्या खोलीत छतापर्यंत रचून ठेवलेले आहेत. या सर्वांवर डेबियन ही लिनक्सवर आधारलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम (संगणक चालवणारी मूळ प्रणाली) बसवून नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी ते जिल्ह्यातील पाच मराठी शाळांना द्यावयाचे आहेत. त्यासाठी पैसा हवा आहे, सुटे भाग हवे आहेत आणि सर्वांत अधिक निकड कामाला येणाऱ्या माणसांची आहे.

मंडळाचे काम नव्याने सांगण्याची खरे तर गरज नाही, परंतु गेल्या काही वर्षांत जोडल्या गेलेल्या तरुण सभासदांसाठी थोडे लिहितो. सांगलीत इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून रखडत येत असे, त्या काळात एक पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम उतरवून घेणे ही कल्पनाच करवत नव्हती. उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली आणि पुढे ती काढणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने मागेल त्याला घरपोच, विनामूल्य सीडी पाठवण्यास सुरुवात केली. आपल्या पहिल्या अध्यक्षांनी, म्हणजे खणभागात रेडिओ आणि टेप दुरुस्त करणाऱ्या आपल्या अण्णांनी, त्या सीडी मागवून त्यांच्या प्रती काढल्या आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येक कॉलेजकुमाराच्या हाती ठेवल्या. कॅसेट दुरुस्तीला आलेला मुलगा लिनक्स घेऊन घरी जात असे. ती मोफत सीडीची योजना २०११ मध्ये बंद झाली, पण तोवर विश्रामबागेतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची एक पिढी अण्णांच्या बाकावर तयार झाली होती. त्यांतील काही जण आज पुण्यात आणि बेंगळुरूत मोठ्या हुद्द्यांवर आहेत आणि सुटीत आले म्हणजे त्या बाकावर अजूनही बसून जातात.

देणगीदारांचे ऋण तर शब्दांत मांडता येणार नाही. मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत व्यापाऱ्यांनी सलग कित्येक वर्षे खोलीचे भाडे भरले आणि नाव फलकावर लावू नये ही एकच अट घातली. ती अट येथेही पाळतो. गावभागातील एका निवृत्त शिक्षिकेने आपल्या निवृत्तिवेतनातून पहिला लेसर प्रिंटर घेऊन दिला. बोस्टनला स्थायिक झालेल्या आपल्या एका माजी सभासद भगिनींनी बाह्य हार्ड डिस्क पाठवली, जिच्यावर आजही डेबियनच्या पॅकेजेसचा (बसवण्यास तयार सॉफ्टवेअरचा) संच ठेवून आपण इंटरनेट नसलेल्या शाळांत जातो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा तळमजल्यावरील आपली खोली दरवाजाच्या वरपर्यंत पाण्यात होती. कॅबिनेटमधून गाळ काढताना रडू येत होते. त्या वेळी मिरजेच्या दोन संगणक विक्रेत्यांनी आपापल्या दुकानांची सफाई बाजूला ठेवून आपली यंत्रे उघडून वाळवली आणि त्यांतून निम्म्याहून अधिक यंत्रे जिवंत झाली. त्या दोघांनी आजवर एक कप चहाखेरीज काही घेतलेले नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये कोचीत डेबकॉन्फ भरली. डेबियनच्या विकसकांची ही जागतिक परिषद भारतात प्रथमच होत होती. आपले दोन तरुण सभासद स्वखर्चाने, रेल्वेच्या साध्या डब्यातून तेथे गेले आणि परत येऊन त्यांनी सर्वांना शिकवले, याचा मंडळाला रास्त अभिमान आहे.

आता डेबियनच का, याविषयी. हा निर्णय सोपा झाला नाही. मिंट हा लिनक्सचा प्रकार घ्यावा की उबुंटू, पडद्याची मांडणी एक्सएफसीईची द्यावी की केडीईची, पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्स११ वर थांबावे की नव्या वेलँडकडे जावे, यावर आपल्या सभासदांनी कित्येक रात्री वाद घातला. केडीईने प्लाझ्मा या आपल्या मांडणीच्या पुढील आवृत्त्यांतून एक्स११ चे सत्र काढून टाकण्याचे जाहीर केल्यावर तर गटात कोणी झोपले नाही, असे म्हणण्यास हरकत नाही. चर्चेची पातळी उत्तम होती, आणि वेलँडवर आयबस या टंकलेखन-साधनातून इन्स्क्रिप्ट या कळफलक-मांडणीने मराठी टंकलेखन करताना येणाऱ्या अडचणी ज्यांनी प्रत्यक्ष करून दाखवल्या, त्यांचे कार्यकारिणीने स्वतंत्र अभिनंदन केले आहे. अखेर ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेले डेबियन १३, म्हणजे ‘ट्रिक्सी’, एक्सएफसीईसह घ्यावे असे ठरले. त्याला दीर्घ मुदतीचा आधार धरून सुमारे पाच वर्षे सुरक्षा अद्यतने मिळतील, त्यात ६९ हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत, आणि ते कोणत्याही एका कंपनीच्या ताळेबंदावर अवलंबून नाही. डेबियन १९९३ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालत आले आहे. शाळेला वर्षागणिक बदलणाऱ्या गोष्टी देण्यात अर्थ नाही. अडचण एवढीच की ट्रिक्सीपासून ३२ बिटी (जुन्या धाटणीच्या) संगणकांसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल (प्रणालीचा गाभा) येणे बंद झाले आहे. आपल्या चाळिसांतील चार यंत्रे त्या प्रकारची आहेत. त्यांवर डेबियन १२ बसवू, ज्याचा दीर्घ मुदतीचा आधार जून २०२८ पर्यंत आहे, आणि ती यंत्रे शाळांच्या वाचनालयांत कोशवाचनासाठी ठेवू.

मराठीचा प्रश्नही याच कामात येतो. पुण्यातील रेड हॅटच्या अभियंत्यांनी हाताळलेल्या ‘लोहित’ या मुक्त फाँटमुळे आणि गनोम, केडीई, फेडोरा या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या स्वयंसेवी अनुवादकांमुळे पडद्यावर ‘ऱ्या’ नीट उमटू लागला आणि मेनू मराठीत दिसू लागले, ही आपल्या भाषेची मोठी मिळकत आहे. परंतु प्रत्येक नव्या आवृत्तीत शेकडो नवी वाक्ये भरतात आणि अनुवादाला हात नसले की मराठी पडद्यावर मध्येच इंग्रजी डोकावू लागते. चौथीतल्या मुलाला ‘फाइल जतन करा’ दिसते आणि पुढच्याच चौकटीत इंग्रजी प्रश्न येतो, तेव्हा तो बाईंकडे पाहतो आणि बाई आपल्याकडे पाहतात. लिबरऑफिस या मुक्त कार्यालयीन सॉफ्टवेअरचा अनुवाद वेबलेट या ऑनलाइन साधनावर ब्राउझरमध्येच करता येतो. त्यासाठी प्रोग्रॅमिंग येण्याची मुळीच गरज नाही, चांगले मराठी येणे पुरे. निवृत्त शिक्षक, मुद्रितशोधक आणि पत्रकार यांनी या कामाकडे जरूर पाहावे.

येथे थोडे मनातले लिहितो, राग नसावा. गतवर्षी दिवाळीत असेच आवाहन केले होते. त्याला अंगठ्याची चिन्हे भरपूर आली, परंतु ठरलेल्या रविवारी पेचकस घेऊन प्रत्यक्ष आले ते चौघे, आणि त्यांतील दोघे दहावीचे विद्यार्थी होते. वेलँडवर ज्या तळमळीने रात्री जागवल्या जातात, तिच्यातला चौथा हिस्सा जरी धूळ झाडण्याकडे वळला असता, तर हे पत्र लिहावे लागले नसते. आपल्याच एका सभासदाच्या कार्यालयाने बदललेले बारा संगणक आपल्याला कळण्याआधी भंगारात गेले, तेही मनाला लागले. केरळातील शासकीय शाळांत गेली अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवरच शिकवले जाते. तेथे शासन मागे उभे राहिले. आपल्याकडे निदान सभासदांनी तरी उभे राहावे, ही अपेक्षा अवाजवी नसावी.

तपशील असा. प्रत्येक संगणकाला २४० जीबीची एसएसडी (वेगवान डिस्क), मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल, कीबोर्ड, माऊस आणि किरकोळ तारा मिळून सरासरी तीन हजार रुपये धरले आहेत, म्हणजे एकूण १,२०,००० रुपये. ३१,००० जमा आहेत, ८९,००० हवेत. रॅमचे भाव अलीकडे फार चढल्यामुळे ती विकत घेणार नाही. घरी जुनी डीडीआर३ किंवा डीडीआर४ पट्टी पडून असल्यास आणून द्यावी. एका संगणकाचा संपूर्ण खर्च उचलणाऱ्यांचे नाव, त्यांची इच्छा असल्यास, त्या यंत्रावर चिकटवू. रोख, धनादेश (मंडळाच्या नावे) किंवा खोलीच्या दारावरील क्यूआर कोडने रक्कम द्यावी. पावती खजिनदारांकडून त्याच वेळी घ्यावी. खोली शनिवार-रविवार सायंकाळी ५ ते ८ उघडी असते. संगणक देणाऱ्यांची हार्ड डिस्क त्यांच्यासमोर पुसली जाईल; डब्बा मॉनिटर आणि बंद प्रिंटर कृपया आणू नयेत, ठेवण्यास जागा नाही. जोडणीचे काम एप्रिल-मेमधील प्रत्येक रविवारी सकाळी १० पासून. येताना ८ जीबी किंवा मोठा पेन ड्राइव्ह, शक्य असल्यास पेचकस आणावा, चहा मंडळाचा. अनुवादासाठी नावे याच महिनाअखेर कळवावीत. जूनच्या पहिल्या आठवड्यात यंत्रे पोहोचवण्यास एक छोटा टेम्पो लागेल. ज्यांच्याकडे आहे त्यांनी डिझेलच्या खर्चावर तो दोन दिवस द्यावा. शाळांनी वर्गातील विजेच्या जोडण्या तपासून अर्थिंग असल्याची खात्री मे अखेरपर्यंत लेखी कळवावी, अन्यथा त्यांचे संगणक प्रतीक्षेतील पुढील शाळेला दिले जातील.

आपला नम्र,
कार्यवाह
(कार्यकारिणीच्या वतीने)